सायकलवर लांब जाताना पाणी आणि सामान



बैठकीला सायकलवर येणाऱ्या ताया दोन तक्रारी हमखास सांगतात. खांदे भरून येतात आणि घरी गेल्यावर डोकं दुखतं. खांदे भरून येतात पाठीवरच्या पिशवीमुळे. डोकं पुष्कळदा दुखतं ते वाटेत पाणी न प्यायल्यामुळे. दोन्हीवर उपाय आहे, आणि तो फार खर्चाचा नाही.

आधी पिशवीचं बोलू. लक्ष्मी रोडला कापड घ्यायला कधी पुण्यात आलात आणि पहाटेच पोचलात, तर शेजारच्या नारायण पेठेत एक फेरी मारा. १८८१ साली सुरू झालेल्या ‘केसरी’चा वाडा याच पेठेत आहे. तिथून नजर टाकत चाला आणि एखादा पेपरवाला दिसला की त्याची सायकल नीट बघा. गठ्ठे मागच्या कॅरिअरवर, नाहीतर दोन्ही अंगांच्या पिशव्यांत. त्याच्या स्वतःच्या पाठीवर काहीच नसतं. दूधवाल्याचंही तेच, एक कॅन या बाजूला, एक त्या बाजूला. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, तेव्हापासूनची ही रीत आहे.

त्यामागचं कारण साधं आहे. पाठीवर ओझं घेतलं की ते आधी खांद्यांवर येतं, मग कमरेवर, आणि शेवटी सगळा भार सीटवर बसतो. पाठीला वारा लागत नाही, ब्लाउज घामाने भिजतो. तेच ओझं कॅरिअरला लावलं तर ते चाकं वाहतात. आणि जितकं खाली ठेवाल तितकी सायकल कमी डुलते. हँडलला पिशवी अडकवणं मात्र सगळ्यात वाईट. ती झोके खाते, हँडल ओढते आणि एखाद्या वळणावर पुढच्या चाकाच्या तारांत जाते. पुढे बास्केट असेल तर त्यात डबा, छत्री एवढंच ठेवा.

वारकऱ्यांच्या खांद्यावरची पडशी तुम्ही पाहिली असेल, पुढे एक कप्पा, मागे एक. सायकलला तशीच पडशी शिवा. खताच्या नायलॉनच्या गोण्या स्वच्छ धुऊन, नाहीतर जुन्या जीनचं कापड घेऊन. मधली पट्टी आपल्या कॅरिअरच्या रुंदीची हवी, म्हणून आधी टेपने मोजून घ्या. दोन्ही कप्पे जरा मागे सरकलेले ठेवा, नाहीतर पायडल मारताना दर वेळी टाच आपटते. खालच्या कोपऱ्यांना नाड्या लावून त्या कॅरिअरच्या दांड्यांना बांधा, म्हणजे पिशवी चाकात जाणार नाही. हे विसरू नका. वरून जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली की काम झालं. ज्या गटात शिलाई मशीन आहे त्यांनी विकायला म्हणून चार पडश्या शिवून बघायला हरकत नाही. बाजारात अशा पिशव्या मिळतात, पण त्या महाग पडतात.

भरताना जड वस्तू तळाला, आणि दोन्ही बाजूंना सारखं वजन. दोन हातांत दोन कप्पे उचलून पाहिलं तरी अंदाज येतो. गटाची वही आणि पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा. भरण्याचे पैसे पडशीत नकोत, ते अंगाजवळच. ओझं असलं की ब्रेक लागायला वेळ लागतो, तेव्हा उतारावर आधीपासूनच वेग कमी करा. टायरमध्ये हवा पुरेशी आहे ना ते निघतानाच बघा. पदर, ओढणी खोचलेली हवी हे तर तुम्हाला सांगायला नकोच.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली, वयाच्या २० व्या वर्षी, सायकलवरून जगाची फेरी पूर्ण केली. सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवस. बराचसा प्रवास एकटीने, आणि हत्यारं, कपडे, मुक्कामाचं साहित्य सायकललाच बांधलेलं. आपला पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा, पण ओझं सायकलने वाहायचं हे दोन्हीकडे सारखंच.

आता पाणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, म्हणून ते जड वाटतं आणि आपण घरीच ठेवून निघतो. उन्हात तासाला साधारण अर्धा लिटर तरी लागतं. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्या. बाटली हाताला लागेल अशी हवी. सायकलच्या दांड्याला बाटलीचं स्टँड बसवता येतं. लेडीज सायकलला जागा नसेल तर हँडलच्या मधोमध कापडी खिसा घट्ट बांधा. बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं की वाऱ्याने पाणी गार राहतं. पूर्वी ट्रकवाले पुढे छागल टांगायचे ती याच कारणाने. फार घाम येत असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्यायचा. फवारणीच्या औषधाचा डबा किंवा बाटली कितीही धुतली तरी पाण्याला वापरायची नाही.

पण खरी गोष्ट अशी, की पाणी जवळ असूनही आपण पीत नाही. वाटेत जायला जागा नाही, म्हणून सकाळपासून घोटही घ्यायचा नाही, ही सवय आपल्यात जुनी आहे. त्याने डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो. आपल्या मुलीही हेच शिकतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. तुमच्या लेकीला मिळाली असेल तर संध्याकाळी तिची बाटली बघा. भरलेलीच परत आली असेल, तर शाळेतल्या संडासाबद्दल तिला विचारा, आणि गरज पडली तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा.

रस्त्यावर पेट्रोल पंप असेल तर तिथे हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह मोफत असतं. पेट्रोल घ्यावं लागत नाही, लाजायचं नाही. ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत तुमच्या नेहमीच्या रस्त्याची यादी करा. पंप कुठे, ग्रामपंचायतीचं संडास कुठे उघडं असतं, किल्ली कोणाकडे असते, कुठल्या ताईच्या घरी थांबता येतं. यादी वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा, आणि गटात नव्याने सायकल शिकलेल्या बाईला ती आधी द्या.