वरंध घाटांतून सायकलीवर एक दिवस

पुण्याहून निघावें आणि भोर, महाड, पोलादपूर या वाटेनें दक्षिण कोंकणांत उतरावें, तेंही सायकलीवर, असा बेत आम्ही दोघां सोबत्यांनीं मार्गशीर्षांत आंखला. मोटारींतून घाट दिसतो, पण शेत दिसत नाहीं. सायकलीवरून मात्र बांध न् बांध पाहत जातां येतें. त्या प्रवासांतील दुसऱ्या दिवशीं जें पाहिलें तें आमच्या शेतकरी बंधूंस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

पहांटे भोर सोडलें. रस्ता नीरा देवघर धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेनें हिरडस मावळांतून चढत जातो. भाताची कापणी आटोपली होती व खाचरें मोकळीं पडलीं होतीं. येथील नीरा पूर्वेस वाहते आणि भीमा व कृष्णा यांच्या मार्गें तिचें पाणी बंगालच्या उपसागरास मिळतें. घाटमाथा ओलांडला कीं सर्व पालटतें. पलीकडचें पाणी सावित्रीच्या खोऱ्यांतून अरबी समुद्राकडे जातें. जो उतार उतरावयास नीरेच्या पाण्याला शेंकडों कोस मिळतात, तो इकडील ओढे कांहीं कोसांतच उतरतात. कोंकणच्या मातीचें सारें दुःख या एका गोष्टींत आहे.

वाघजाईच्या देवळापाशीं चहा व गरम भजीं घेऊन आम्ही उतारास लागलों. कावळ्या किल्ल्याचा डोंगर कापून हा रस्ता काढलेला आहे. वळणामागून वळण येतें आणि ब्रेक सोडण्याची सोय नाहीं. अर्ध्या वाटेवर ब्रेकचें रबर तापून जळका वास येऊं लागला, म्हणून दर दोन वळणांस थांबणें भाग पडलें. या थांब्यांत कडेचें नीट पाहतां आलें. जेथें मोरी मोकळी होती तेथें रस्त्याखालचा उतार धड होता. जेथें ती दगडमातीनें बुजली होती तेथें पाणी रस्त्यावरून उसळून गेलें होतें व खालचा उतार खणून काढल्यासारखा दिसत होता.

पायथ्याच्या माझेरी गांवीं एक वृद्ध शेतकरी खाचराचा दगडी बांध रचीत होते. अंगओलीवर पेरलेला वाल वीतभर वाढला होता. "बाबा, पावसाळा तर लांब आहे," आम्ही म्हणालों. "म्हणूनच आतां रचतों," ते म्हणाले. "पावसांत फक्त बांधाचें तोंड बघायचं. तें बुजलं कीं पाणी स्वतःच तोंड पाडतं." वरचें खाचर पूर्वी भाऊबंदांचें होतें, ते मुंबईस गेल्यापासून तेथें कुदळ लागली नव्हती. तेथील बांध तीन ठिकाणीं फुटून खडी खालच्या खाचरांत आली होती. एकाच्या पडित शेताचा भार दुसऱ्यावर कसा पडतो, हें त्या शेतांत उघड दिसत होतें.

पाण्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे माती वाहून नेण्याची त्याची शक्ति दुपटीहून कितीतरी अधिक वाढते. म्हणून पाणी उतरूं द्यावें, पण सावकाश. नाचणी-वरीच्या वरकस जमिनींत नांगरट उताराला आडवी करावी, समतल चर काढावेत, बांधावर गवत राखावें आणि राबासाठीं झाडें ओरबाडूं नयेत. तीव्र उतार धान्यास न लावतां काजू-आंब्यास द्यावा. १९९० पासून रोजगार हमीशीं जोडलेल्या फळबाग योजनेनें कोंकणांत अशी पुष्कळ लागवड झालेली आहे. याच जिल्ह्यांत नेरळ येथें श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं 'सगुणा भात तंत्र' पुढें आणलें. त्यांत चिखलणी व लावणी न करितां गादीवाफ्यांवर भात टोकतात, कापणीनंतर मुळें जमिनींतच ठेवितात आणि त्याच वाफ्यांवर वालासारखें पीक घेतात. नांगर न फिरल्यानें माती जागीं राहते.

तथापि बांधानें सर्व कांहीं रोखतां येतें अशी समजूत कोणीं करून घेऊं नये. २२ जुलै २०२१ रोजीं याच महाड तालुक्यांत तळिये येथें डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. त्याच अतिवृष्टींत पोलादपूर तालुक्यांतील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेंही दरडींनीं बळी घेतले. अशा दरडीपुढें कुदळ चालत नाहीं. तेथें वेळीं निघून जाणें हाच उपाय. उतारास नवी भेग पडली, झाडें वा खांब कलले, झरा एकाएकीं गढूळ झाला किंवा आटला, तर गुरें सोडून त्याच घडीस माणसांनीं सुरक्षित जागीं जावें. घर व भात पुन्हां उभें करतां येतें.

बिरवाडीवरून महाड गांठलें तेव्हां दिवे लागले होते. हिशेब केला तर दिवसाचा निम्मा वेळ सायकल चालविण्यांत व निम्मा ती थांबविण्यांत गेला होता. ब्रेकचें रबर झिजून गेलें होतें. सकाळीं पोलादपूरची वाट धरण्यापूर्वीं तें बदलावयाचें ठरविलें. माझेरीचे ते बाबा हेंच काम पावसाळ्याच्या सहा महिने आधीं करीत होते. आमच्या वाचकांनीं यंदाच्या उन्हाळ्यांत आपल्या शेताच्या वरच्या टोंकापर्यंत एकदां चढून जावें, आणि शेजाऱ्याचें शेत पडित असेल तर त्यास पत्र लिहून त्याच्या संमतीनें तोही बांध दुरुस्त करून घ्यावा, इतकीच आमची विनंती आहे.