रॅप्टर की वायएफझेड? क्वाड बाईक घेण्याआधीचा हिशेब

अलिबाग, नागाव, काशीदच्या किनाऱ्यांवर भाड्याने फिरणाऱ्या चार जाड चाकांच्या मोटारसायकली वाचकांनी पाहिल्या असतीलच. त्यांना कोणी एटीव्ही म्हणतो, कोणी क्वाड बाईक. आता हा शौक किनाऱ्यावरून पनवेलच्या वाड्या-फार्महाऊसपर्यंत आला आहे. आखातात नोकरीला असलेली आपली मुले सुट्टीच्या दिवशी दुबई-हत्ता रस्त्यावरच्या ‘बिग रेड’ टेकडीवर किंवा कतारच्या सीलाईनच्या वाळूत या गाड्या चालवतात आणि गावी आल्यावर तीच गाडी इथल्या रानवाटांवर हवी म्हणतात. आमचा धंदा कापडाचा, पण पनवेलच्या बाजारात पेढीवर बसणाऱ्या माणसाला लोक लग्नाच्या बस्त्यापासून जमिनीच्या सातबाऱ्यापर्यंत सगळे विचारतात. त्यात हल्ली हाही प्रश्न येतो, ‘चाचा, रॅप्टर घेऊ की वायएफझेड?’ रक्कम लाखांत जाते. म्हणून जेवढी माहिती पक्की आहे तेवढी येथे मांडत आहोत.

दोन्ही गाड्या यामाहाच्या. रॅप्टर ७०० ही २००६ साली आली, तिच्या आधी २००१ पासून ६६० सीसीची रॅप्टर होती. वायएफझेड ४५० ही २००४ ची, आणि तिची सुधारलेली ४५०आर ही आवृत्ती २००९ ची. दोन्हींना एकच सिलिंडर, पाण्याने थंड होणारे इंजिन, हाताचा क्लच, पाच गिअर, आणि ताकद फक्त मागच्या दोन चाकांना, तीही साखळीने. दिसायलाही बहिणी-बहिणी. पण दोघींचा कामाचा बाज वेगळा आहे.

रॅप्टरचे इंजिन ६८६ सीसीचे. त्याचा जोर खालच्या फेऱ्यांतच मिळतो. चढावर, दगडांतून, चिखलातून हळूहळू जाताना गिअर सारखा बदलावा लागत नाही. वायएफझेडचे इंजिन ४४९ सीसीचे. पाच व्हॉल्व्हचे आणि शर्यतीच्या मैदानासाठी घडवलेले. ते वर फिरवले तरच रंगात येते. रिकाम्या मैदानात, उड्यांच्या मार्गावर तिच्यासारखी चपळ गाडी विरळा. पण अरुंद वाटेवर माणूस पायी चालेल त्या वेगाने जायचे म्हटले, की क्लच अर्धा दाबून धरावा लागतो. नवखा माणूस अशा ठिकाणी गाडी बंद पाडतो, आणि चढावर बंद पडलेली गाडी मागे सरकते.

दुसरा फरक जाहिरातीत बारीक अक्षरात असतो, पण आमच्या मते निकाल त्यावरच लागावा. रॅप्टरला रिव्हर्स गिअर आहे, वायएफझेड ४५०आर ला नाही. माळडुंगे-नेऱ्याकडच्या वाटा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचा अर्थ सांगायला नको. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला ओहोळ, पुढे आडवे पडलेले झाड. अशा जागी १८४ किलोची गाडी उतरून हाताने मागे ओढायची. एकटा माणूस असेल तर सारी मौज तिथेच संपते.

रुंदीचे माप आम्हाला कापडामुळे लगेच डोळ्यांत भरते. रॅप्टरचा पन्हा ४६ इंच, वायएफझेडचा ४९. मैदानात तीन इंच जास्त रुंद गाडी वळणावर कमी कलंडते, हा तिचा गुण. दोन झाडांमधून जाताना तेच तीन इंच आड येतात. वजनात वायएफझेड सहा-सात किलोंनी हलकी आहे, पण वाटेवर हा फरक जाणवत नाही. स्प्रिंग-शॉकची चाल मात्र वायएफझेडची जास्त आहे, आणि उडी मारून उतरणाऱ्याला ती लागतेच. आपल्याकडे उड्या मारणारे किती आणि आंब्याच्या बागेतून फेरी मारणारे किती, हे घेणाऱ्याने स्वतःलाच विचारावे.

एक गोष्ट दोन्हींना सारखीच लागू आहे. मागचा आस अखंड असून तो जमिनीपासून जेमतेम चार-साडेचार इंच वर असतो. वाळूला हे चालते, पनवेलच्या काळ्या कातळाला चालत नाही. साखळीचे चक्र आणि ब्रेकची तबकडी त्याच आसावर असतात, आणि ठोकर तिथेच बसते. म्हणून आखातातल्या मित्राचा तजुर्बा इथे जसाच्या तसा लावू नये. तिकडे मऊ वाळू चढायला निव्वळ ताकद लागते, इकडे दगड, खाचा आणि पावसाळ्यातला गाळ आहे. त्या गाळात फक्त मागची चाके ओढणारी कुठलीही स्पोर्ट क्वाड रुतते.

एकूण हिशेब असा, की रानवाटेसाठी या दोघींतून निवड करायची तर रॅप्टर. वायएफझेड ज्याला शर्यतीचा सराव आहे आणि ज्याच्याकडे स्वतःचे मोकळे मैदान आहे त्याच्यासाठी. ज्याला वाडीवर खताची पोती न्यायची आहेत त्याने दोन्हींचा नाद सोडावा. पोलारिस या अमेरिकन कंपनीने २०२१ साली आपली स्पोर्ट्समन ५७० ही चारही चाके ओढणारी गाडी भारतात ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होईल अशा रूपात आणली होती. शेतकऱ्याच्या उपयोगाचा माल तो आहे.

आता नोंदणीची बाब, कारण बहुतेक घरांत ही गोष्ट पैसे मोजून झाल्यावर निघते. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे सार्वजनिक जागी नोंदणीशिवाय वाहन चालवता येत नाही. ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे केवळ डांबरी रस्ता नव्हे. जिथे लोकांना ये-जा करण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा त्यात येते, मग ती गावची पायवाट का असेना. परदेशातून आणलेल्या या स्पोर्ट गाड्या रस्त्यासाठी मंजूर झालेल्या नसतात, त्यामुळे एमएच-४६ चा नंबर मिळेल ही आशा धरू नये. नंबर नाही म्हणजे विमाही नाही, आणि कोणाला धडक बसली तर भरपाई थेट मालकाच्या खिशातून. चालवायची ती आपल्या कुंपणाच्या आत, किंवा ज्याने खास मार्ग आखून ठेवला आहे त्याच्या जागेत. कर्नाळ्याचे अभयारण्य आणि वनखात्याची जमीन यांचा विचारही नको. माथेरानात तर साध्या मोटारीलाही बंदी आहे.

मुलांविषयी दोन शब्द अधिक. अमेरिकेत तीनचाकी गाड्यांवर इतके अपघात झाले की १९८८ साली सरकार आणि कंपन्यांमध्ये समझोता होऊन त्यांची विक्री बंद झाली. त्याच समझोत्यात ठरले की ९० सीसीवरची गाडी १६ वर्षांखालील मुलासाठी नाही. इथे आपण ६८६ सीसीची गोष्ट करत आहोत! शिवाय या गाड्यांवर एकच माणूस बसायचा असतो. सीट लांब ठेवलेली असते ती चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकून तोल सांभाळता यावा म्हणून, मागे भाच्याला बसवण्यासाठी नव्हे. किनाऱ्यावर एका गाडीवर तिघे बसलेले दिसतात, ते पाहून घरी तसे करू नये. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे ऐकून पुष्कळ वडील मंडळी गाडीची चावी कपाटात ठेवतात, आणि ठीकच करतात.

माल कुठून घ्यावा? सुझुकीने २०१५ च्या सुमारास आपली क्वाडस्पोर्ट झेड४०० भारतात आणली होती, त्यामुळे ती कुठे कुठे वापरलेली मिळते. तिला रिव्हर्सही आहे. मात्र यामाहाच्या या दोन गाड्या म्हणजे आयातीचा माल. तीन वर्षांपेक्षा जुने वापरलेले वाहन सर्वसाधारणपणे आयात करता येत नाही, तेव्हा तिकडे ‘स्वस्तात पडली’ म्हणून जुनी गाडी कंटेनरमध्ये टाकून न्हावाशेवाला पाठवू नये. नवी घेतली तरी जकातीचा आकडा क्लिअरिंग एजंटकडून आधी कागदावर लिहून घ्यावा. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात गाडी आधी निघाली आणि हिशेब मागून झाला. बंदरातले भाडे दिवसागणिक चढत गेले ते वेगळेच.

इथेच कोणाकडून वापरलेली घेत असाल तर इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी न कळवता जावे. मागचे चाक दोन्ही हातांनी धरून हलवावे. आसात खडखड असेल तर बेअरिंग गेले आहे. हवेच्या फिल्टरमध्ये बारीक रेती सापडली तर ती इंजिनातही गेली आहे असे समजून भाव पाडावा. आयातीची कागदपत्रे आणि चेसिसवरचा नंबर जुळवून पाहावा, जुळला नाही तर सौदा तिथेच सोडावा.

पेट्रोलचेही पाहावे. यामाहाच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतचेच इथेनॉल चालते असे दिलेले आहे, आणि आपल्या पंपांवर २०२५ पासून सर्रास २० टक्क्यांचे मिळते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवू नये. टायरमध्ये हवा चार-पाच पौंडच लागते. पंपावरचा काटा इतके कमी दाखवत नाही आणि पोरगा मोटारीसारखी तीस पौंड भरून देतो. तेव्हा कमी दाबाचा वेगळा गेज गाडीबरोबरच मागून घ्यावा.