एकच मजकूर, दोनशे वेश

मे २००३ मध्ये डेव्ह शे या कॅनडातल्या वेब डिझायनरने ‘सीएसएस झेन गार्डन’ नावाचं पान इंटरनेटवर टाकलं आणि जगभरच्या डिझायनरांना आव्हान दिलं. नियम एकच : मजकुराच्या एचटीएमएल फाइलला हात लावायचा नाही, काय करायचं ते फक्त सीएसएसमध्ये करा. बघता बघता तेच परिच्छेद कधी समुद्राच्या तळाशी पोहोचले, कधी जुन्या सिनेमागृहात. असे दोनशेहून अधिक वेश त्या एका मजकुराने चढवले.

हे पान का गाजलं, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. नव्वदच्या दशकात नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर यांच्यात जुंपली होती. एका ब्राउझरमध्ये नीट दिसणारं पान दुसऱ्यात विस्कटायचं. मग एकाच पानाच्या दोन आवृत्त्या करा, मांडणीसाठी तक्त्यात तक्ता घाला, रिकामी जागा हवी तर अदृश्य चित्र ताणून बसवा, अशी कसरत चालायची. टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेली डब्ल्यूथ्रीसी ही संस्था वेबची मानकं ठरवत होती, सीएसएसची पहिली आवृत्तीही १९९६ मध्ये आली होती. पण ब्राउझर ती धडपणे पाळत नव्हते. अखेर १९९८ मध्ये काही डिझायनर-डेव्हलपरांनी ‘वेब स्टँडर्ड्‌स प्रोजेक्ट’ सुरू करून ब्राउझर कंपन्यांच्या मागे तगादा लावला.

त्यांची मागणी साधी होती. मजकूर आणि त्याची रचना एचटीएमएलमध्ये, दिसणं सीएसएसमध्ये, आणि दोन्हींचे नियम सगळ्या ब्राउझरांना सारखेच. यातून किती सुंदर काम होऊ शकतं, ते झेन गार्डनने डोळ्यांनी दाखवलं.

आज हे शिकायला पैसे लागत नाहीत. मोझिलाने २००५ मध्ये सुरू केलेल्या एमडीएनवर एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टची तपशीलवार माहिती उदाहरणांसह मिळते. एखादी नवी सोय कोणत्या ब्राउझरमध्ये चालते, हे ‘कॅन आय यूज’वरच्या हिरव्या-लाल चौकटी पाहिल्या की कळतं. डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरला पानाचा पत्ता दिला, की न मिटलेला टॅग कोणत्या ओळीत आहे ते तो नेमकं सांगतो. ‘अ लिस्ट अपार्ट’ या ऑनलाइन नियतकालिकात ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ची कल्पना मांडली, मोबाइलपासून मोठ्या पडद्यापर्यंत एकच पान आपोआप जुळवून घेतं, ते याच वाटेने. अंध वाचकांसह सर्वांना वापरता येईल असं पान कसं करावं, हे डब्ल्यूसीएजी ही नियमावली सांगते. छायाचित्राला ‘ऑल्ट’ मजकूर द्या, ही त्यातली अगदी प्राथमिक अपेक्षा. तो दिला की चित्रात काय आहे, ते स्क्रीन रीडर वाचून दाखवतो.

मराठी वाचकाला मानकांचं मोल वेगळं सांगायला नको. एकेकाळी मराठी संकेतस्थळांचे फॉन्ट वेगवेगळे असत. नेमका तो फॉन्ट संगणकावर नसला, की बातमीच्या जागी अगम्य रोमन अक्षरांची रांग दिसायची. १९९१ मधल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. संकेतस्थळांनी ते मानक स्वीकारलं, तसा मराठी मजकूर कुठेही वाचता येऊ लागला, शोधताही येऊ लागला.

तरीही एक छोटी गोष्ट अजून सर्रास राहून जाते. एचटीएमएलच्या सुरुवातीच्या टॅगमध्ये ‘लँग’ या गुणधर्माने पानाची भाषा सांगायची असते. मराठीसाठी तिथे ‘एमआर’ हा संकेत द्यायचा. तयार साच्यावरून पान बनवलं, की तिथे ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, तसंच राहून जातं. मग शुद्ध मराठी पानालाही ब्राउझर इंग्रजी समजू शकतो. योग्य संकेत असेल, तर स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो. फॉन्टमध्ये सोय असेल, तर पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणाची अक्षरंही आपसूक उमटतात.

आपलं पान तपासायला एक मिनिट पुरे. संगणकावर ते उघडून माऊसचं उजवं बटण दाबायचं, ‘व्ह्यू पेज सोर्स’ निवडायचं आणि पहिल्या दोन-तीन ओळींत ‘लँग’पुढे काय लिहिलंय ते पाहायचं. ‘ईएन’ दिसलं, तर दुरुस्ती दोन अक्षरांची आहे.