जागेवर उभ्या घोडीचा घास

आमच्या आरमोरीकडे जनावरांच्या डॉक्टरची गाठ पडते ती बैलाशी, गाईशी, फार तर शेळ्यांशी. धानाचा मुलूख हा. घोडा इथे दिसतो तो लग्नसराईत, वरातीपुरता. त्यामुळे नोकरीच्या काळात घोड्यावर उपचार करण्याची वेळ माझ्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आली. त्यातल्या एका घोडीने मला जे शिकवले ते आज सांगणार आहे, कारण त्यात माझी चूक होती.

मे महिना होता. वरात परतताना सिमेंटच्या रस्त्यावर घोडी घसरली आणि मागच्या उजव्या पायाला, खुराच्या वरच्या सांध्यापाशी खोल जखम झाली. हाड शाबूत होते, पण शिरेला मार बसलेला. मी टाके घातले, पट्टी बांधली, इंजेक्शने दिली आणि मालकाला बजावले, ‘‘सहा आठवडे हिला कोठ्याबाहेर काढायचे नाही.’’ पट्टी कधी बदलायची, माशा कशा हाकलायच्या, खाली भुसा किती पसरायचा, सगळे सांगितले. खायला काय घालायचे याविषयी मात्र एक शब्द बोललो नाही. घोडी ज्याची त्याला ते ठाऊक असणारच, असे मी धरून चाललो.

पाचव्या दिवशी पहाटे त्याचा मुलगा दारात. ‘‘साहेब, घोडी सारखी पोटाकडे पाहून राह्यली जी. लीद बी नाई टाकली कालपासून.’’

कोठ्यात जाऊन पाहिले तर घोडी घामाने निथळत होती. पोटाला कान लावला. एरवी घोड्याच्या पोटात ढग गडगडल्यासारखा आवाज सतत येत असतो, इथे जवळजवळ शांतता. हात घालून तपासले तर आतड्याच्या वळणावर कोरड्या चाऱ्याचा गोळा हाताला लागला. पोट दुखणाऱ्या घोड्याला एरवी आपण फिरवतो. हिला फिरवावे तर पायाचे टाके तुटणार. असा दोन्हीकडून पेच.

मग कळले, घरच्यांनी मायेपोटी काय काय केले होते. काम बंद, तरी खुराक पुरा चालू. उलट ‘आजारी आहे बिचारी’ म्हणून वाढवलेला. हरभरा कोरडाच. जोडीला शिळा भात आणि गुळाचा खडा. गवत संपले म्हणून बैलांपुढची तणस तिच्याही पुढे टाकलेली. आणि पाण्याची बादली अशा जागी, की दुखऱ्या पायाने तिला तिथवर वळताच येईना.

आता यात बिघडले कुठे ते बघा. बैलाला रवंथाचे पोट असते. तणसासारखा राठ चारा तो आधी पोटात भिजवतो, कुजवतो, परत तोंडात आणून चावतो. घोड्याचे तसे नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने फारच लहान, मोठ्या घोड्याचेही जेमतेम आठ ते पंधरा लिटरचे. चारा आंबवून पचवण्याचे काम होते ते पार मागे, मोठ्या आतड्यात. तिथवर माल सरकायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि हालचाल. जनावर जागेवर बांधले की हालचाल गेली. हिरव्या गवतातून आपसूक मिळणारे पाणीही गेले, कारण वाळल्या चाऱ्यात शेकडा दहा-पंधरा भागच पाणी असते. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेले फुगले तर बाहेर पडायला वाट नाही. म्हणून कोरडा हरभरा घालू नये. तो पोटात नाही, बादलीत फुगू द्यावा.

नाकातून नळी घालून पातळ पॅराफिन आणि पाणी दिले, वेदनेचे इंजेक्शन दिले आणि वाट बघत बसलो. रात्री अकराच्या सुमारास घोडीने लीद टाकली. मालकाने ती हातात घेऊन मला दाखवली. आयुष्यात लीद बघून एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

पुढचा दिवस नुसते पाणी आणि मूठ-मूठ ओले गवत. त्यानंतर तिच्यासाठी भिजवलेल्या खाण्याची घडी आम्ही बसवली.

पहिली गोष्ट गवताची. खुराक किती द्यायचा हा प्रश्न नंतरचा. बसून असलेल्या घोड्याला वजनाच्या शेकडा दोन भाग कोरडा चारा पुरतो. आमची घोडी अंदाजे तीनशे किलोची, म्हणजे दिवसाला सहा किलो. त्यातले बहुतेक सगळे गवतच हवे. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असते, खाणे असो वा नसो. त्यात आम्ही वेदनाशामक औषधे देतो. पोट तासन् तास रिकामे राहिले तर आत जखमा होतात. घोड्याला सर्वांत मानवते ती हरळी, आपण गणपतीला वाहतो ती. मे महिन्यात धुऱ्यावर ती कुठून असणार? पण गाढवी नदीच्या काठाला ओलीत सापडली. गाढवीचे गवत घोडीला, अशी थट्टाही झाली. कमी पडेल तेवढे वाळले गवत अर्धा तास पाण्यात बुडवून, निथळून घालायचे. धूळ जाते, थोडी साखर उतरते आणि प्रत्येक घासाबरोबर पाणी पोटात जाते.

खुराक एकूण किलोभराच्या आत, तोही तीन वेळा विभागून. गव्हाचा कोंडा अर्धा किलो, पाव किलो हरभरा भिजवून टम्म फुगलेला, दोन चमचे मीठ, आणि पाणी इतके की मूठ दाबली तर बोटांतून ओघळावे. कोंड्याने पोट साफ होते असा जुना समज आहे. खरे तर काम करते ते त्यातले पाणी. उलट कोंड्यात, मग तो गव्हाचा असो की आपल्या गिरणीतला धानाचा, स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम फार थोडे. महिनोन् महिने तोच घातला तर शरीर कॅल्शियम हाडांतून ओढते. सहा आठवड्यांसाठी चालून जाते, तरी मी चुनखडीची पूड, म्हणजे खनिज मिश्रणात असते ती, रोज थोडी घालायला सांगितली. पानाचा चुना नव्हे! आमच्याकडे हे वेगळे सांगावे लागते. धानाचा कोंडा तर दोन-चार दिवसांत खवटतो. तो ताजा नसेल तर नकोच.

जवस आपल्याकडे धानाच्या बांधीत पेरतात, घरोघर असतो. मूठभर जवस शिजवून घातला की चिकट, बुळबुळीत पेज होते आणि घोडी ती आवडीने खाते. मात्र तो खळखळून उकळलाच पाहिजे. कोमट पाण्यात नुसता भिजत ठेवला तर त्यातून विषारी सायनाइड सुटू शकते.

त्याच बांधीतला दुसरा माल म्हणजे लाखोळी. तिची चुनी आपली ढोरे खातात, म्हणून घोडीलाही घालू असे घरच्या आजोबांच्या मनात होते. मी हात जोडले. लाखोळी सतत खाऊन माणसाचे पाय लुळे पडतात हे आपल्याला ठाऊक आहे. घोडा तिला फारच हळवा. मागचे पाय लटपटतात, नरड्याचे स्नायू लुळे पडतात आणि श्वास घेताना घोडा घोरल्यासारखा आवाज करू लागतो. आजोबांचा दुसरा उपाय मोहफुलांचा. ‘‘ताकद येते जी.’’ ताकद येते हे खरे, पण वाळले मोहफूल साखरेने ठासून भरलेले असते, आणि उभ्या घोडीला साखर म्हणजे खुरांवर संकट.

हे खुरांचे प्रकरण जरा समजून घ्या. धान्य, भात, गूळ जास्त झाले की ते न पचता मोठ्या आतड्यात जाते, तिथे आम्ल होते आणि त्याचा परिणाम थेट खुराच्या आतल्या नाजूक पडद्यावर होतो. इंग्रजीत याला लॅमिनायटिस म्हणतात. त्यात एक पाय दुखरा असला की घोडा सगळा भार दुसऱ्यावर टाकतो, तेव्हा तोच रोग त्या निरोगी पायालाही होतो. अमेरिकेतला बार्बारो हा शर्यतीचा नामांकित घोडा. २० मे २००६ रोजी शर्यतीत त्याचा मागचा पाय मोडला. शस्त्रक्रिया झाली, उत्तमोत्तम डॉक्टर दिमतीला होते. पण पुढे इतर पायांना लॅमिनायटिस झाला आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला दयामरण द्यावे लागले. म्हणून मी रोज सकाळी तिच्या पट्टीआधी उरलेल्या तीन खुरांना हात लावून बघत असे, गरम लागतात का.

विदर्भाच्या उन्हाळ्यात भिजवलेले खाणे किती टिकणार? सकाळी भिजवलेले दुपारपर्यंत आंबते. तेव्हा हरभरा रात्रीच्या गारव्यात भिजवायचा, कोंडा खायच्या अर्धा तास आधी. घमेल्यात उरलेले बैलांना, आणि घमेले घासून उन्हात पालथे. बुरशीचा वास आला तर बैलही नको. कोंबड्यांचे खाद्य तर घोड्याजवळ फिरकूही देऊ नका. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते, कोंबडीला ते चालते, घोड्याचे हृदय मात्र त्याने बंद पडते.

पाण्याची बादली तिच्या तोंडापाशी बांधली. घरातली म्हातारी लिदीचा हिशेब ठेवायची. कुडाच्या भिंतीवर कोळशाची रेघ. घोडा दिवसातून आठ-दहा वेळा लीद टाकतो. रेघा सहाच्या खाली आल्या की मला निरोप. दोनदा आला, दोन्ही वेळा पाणी वाढवूनच भागले.

मृग बरसला त्या सुमारास सहा आठवडे भरले. बोरीच्या काट्यांचे कुंपण सरकवून मालकाने तिला हाताने धरून बाहेर काढले. ती थोडी लंगडत धुऱ्यापर्यंत गेली. नुकतीच फुटलेली हरळी समोर होती. मी ‘फक्त पाच मिनिटे’ असे म्हणालो, आणि घड्याळ काढून उभा राहिलो, कारण कोवळ्या गवतावर एकदम सुटलेली घोडी पुन्हा पोट धरून बसते. पाच मिनिटे झाली तेव्हा तिची मान वर काढायला दोघे लागले.