मर्यादित निधीत चलच्चित्र-संपादनासाठी संगणकाची निवड

लोककला, बोली आणि लोकसंगीत यांच्या क्षेत्रीय अभ्यासात लेखणी व ध्वनिमुद्रक यांच्या जोडीला आता चलच्चित्रणाचा उपयोग सर्रास होऊ लागला आहे. दशावताराचा रात्रभर चालणारा प्रयोग, गोंधळ्याचे संबळवादन, किंवा जात्यावरच्या ओव्या म्हणणारी एखादी वृद्ध स्त्री यांचे चांगले चित्रण आज साध्या कॅमेऱ्यानेही करता येते. परंतु केलेले चित्रण पाहणे, त्यातील उपयुक्त भाग निवडणे, ते क्रमवार लावणे आणि टिपांसह अभ्यासकांपुढे ठेवणे हे पुढचे काम अनेक ठिकाणी रेंगाळते. त्याच्या कारणांपैकी संगणक हे एक होय. पडद्यावरील चित्र अडखळू लागले की काम करणारा कंटाळतो, काम पुढे ढकलले जाते आणि चित्रण कपाटातील एकाच डिस्कवर पडून राहते. ती डिस्क बिघडली म्हणजे ते चित्रण गेले. आणि ओव्या म्हणणारी वृद्धा तोवर हयात असेलच असे नाही.

यास्तव संगणकाची निवड ही केवळ खरेदीची बाब नसून संशोधनाच्या साधनसामग्रीचा प्रश्न आहे. 'परवडेल तितका भारी संगणक घ्यावा' हा सर्वसाधारण सल्ला येथे अपुरा पडतो. कोणत्या कामाचा भार यंत्राच्या कोणत्या घटकावर पडतो हे समजून घेतल्यास अल्प निधीतही समाधानकारक यंत्र उभारता येते; हे समजून न घेतल्यास मोठी रक्कम खर्चूनही चित्र अडखळतेच. प्रस्तुत लेखाचा हेतू या भाराचे स्वरूप विशद करणे आणि त्यावरून निवडीची काही सूत्रे मांडणे हा आहे.

१. भाराचे मापन

प्रथम थोडे गणित मांडू. ज्याला व्यवहारात 'फोर-के' म्हणतात, त्या चित्राची रुंदी ३८४० व उंची २१६० बिंदूंची असते. म्हणजे एका चित्रात सुमारे ८३ लक्ष बिंदू येतात. जुन्या 'फुल एचडी' चित्राच्या (१९२० × १०८०) हे बरोबर चौपट होय. नेहमीच्या प्रकारच्या चित्रणात प्रत्येक बिंदूसाठी सरासरी दीड बाइट माहिती लागते, असे धरले तर एक चित्र सुमारे १२.४ मेगाबाइटचे होते. सेकंदाला २५ चित्रे या हिशेबाने दर सेकंदास सुमारे ३११ मेगाबाइट, आणि तासाला १.१ टेराबाइटहून अधिक साठा लागेल. इतका साठा कोणत्याही लहान कॅमेऱ्यात मावणारा नाही. म्हणून कॅमेरा ही माहिती आवळून साठवतो. अनेक कॅमेऱ्यांत हा वेग सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे १२.५ मेगाबाइट, एवढा असतो. येथे बिट व बाइट यांची गल्लत होऊ न देणे अगत्याचे आहे. आठ बिटांचा एक बाइट होतो. या वेगाने एका तासाच्या चित्रणास ४५ गिगाबाइट जागा पुरते. म्हणजे मूळ माहिती सुमारे पंचविसाव्या हिश्श्यावर आणलेली असते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. डिस्कवरून सेकंदाला १२.५ मेगाबाइट वाचणे हे साध्या हार्डडिस्कलाही अवघड नाही. तिचा वेग सामान्यतः १५० मेगाबाइट किंवा त्याहून अधिक असतो. अडचण वाचण्यात नसून आवळलेली माहिती पुन्हा उलगडण्यात आहे. चित्र अडखळते ते बहुधा येथे.

२. आवळण्याची रीत आणि तिचे परिणाम

माहिती आवळण्याच्या प्रचलित पद्धतींत एच. २६४ (२००३) आणि एच. २६५ (२०१३) या प्रमुख आहेत. या पद्धतींत प्रत्येक चित्र पूर्णपणे साठवले जात नाही. काही ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र ठेवले जाते, आणि मधल्या चित्रांविषयी केवळ 'मागील किंवा पुढील चित्रापेक्षा काय बदलले' एवढेच नोंदले जाते. नुसते पाहण्यासाठी ही रीत उत्तम आहे. संपादक मात्र सरळ पाहत जात नाही. तो मागे जातो, पुढे जातो, मध्येच थांबतो. तो ज्या चित्रावर थांबेल ते दाखवण्यासाठी यंत्राला जवळच्या पूर्ण चित्रापासून आरंभ करून मधली चित्रे क्रमाने उलगडावी लागतात. याउलट प्रो-रेस किंवा डीएनएक्स-एचआर या पद्धतींत प्रत्येक चित्र स्वतंत्र असते. त्यांना जागा पुष्कळ लागते, पण संपादन हलके होते.

दुसरी बाब रंगाची. बहुतेक मोबाइल व साधे कॅमेरे रंगाची माहिती ४:२:० या प्रमाणात नोंदतात, तर काही कॅमेरे ४:२:२ या अधिक समृद्ध प्रमाणात, तेही १० बिटांत, नोंदतात. ४:२:० प्रकार उलगडणारी खास मंडले आज जवळजवळ सर्व नव्या यंत्रांत असतात. ४:२:२ ची गोष्ट वेगळी आहे. एच. २६५ पद्धतीचे असे चित्रण इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये उलगडते. एन्व्हिडियाच्या जीफोर्स कार्डांत ही सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. त्यामुळे त्यापूर्वीचे महाग कार्डही या एका कामात स्वस्त प्रोसेसरच्या मागे पडू शकते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेरीस 'एफ' हे अक्षर असते, त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसते. थोडी बचत करण्यासाठी ते घेणारा ही सोय नकळत गमावतो.

तात्पर्य, संगणकाची निवड कॅमेऱ्यापासून सुरू होते. आपल्या चित्रणाची पद्धत, रंगाचे प्रमाण आणि बिटांची संख्या ही मीडिया-इन्फो या विनामूल्य साधनाने क्षणात कळतात. ती पाहिल्यावाचून खरेदीचा विचार करू नये.

३. खरेदीपूर्वी निदान

हाती असलेला संगणक खरोखरच निरुपयोगी आहे काय, हेही आधी तपासावे. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून संपादन चालू असता प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि ग्राफिक्स यांचे आलेख पाहावेत. प्रोसेसर पूर्ण भारात असून ग्राफिक्सखालील 'व्हिडिओ डीकोड' हा आलेख शून्यावर असेल, तर उलगडण्याचे काम खास मंडलाकडे जात नाही असे समजावे. स्मृती काठोकाठ भरली असेल तर केवळ रॅम वाढवून भागण्याचा संभव आहे.

याखेरीज एक उपाय जवळजवळ विनाखर्च आहे. मूळ चित्रणाच्या लहान, हलक्या प्रती तयार करून त्यांवर संपादन करावे आणि अंतिम फलित मात्र मूळ चित्रणातून काढावे, ही ती रीत होय. या प्रतींना 'प्रॉक्सी' म्हणतात. प्रीमियर प्रो, डा विंची रिझॉल्व्ह आणि विनामूल्य व मुक्त असलेले केडेनलाइव्ह या तिन्ही प्रणालींत ही सोय आहे. प्रती तयार होण्यास वेळ लागतो, पण ते काम रात्री यंत्रावर सोडून देता येते. रंगांची बारीक जुळवणी वगळता लोककलांच्या दस्तऐवजीकरणातील बहुतेक सर्व काम या रीतीने साध्या यंत्रावर होऊ शकते.

मोबाइलवरील चित्रणाबाबत एक इशारा आवश्यक आहे. मोबाइल पुष्कळदा चित्रांचा वेग स्थिर ठेवत नाही. अशा चित्रणात हळूहळू ध्वनी आणि चित्र यांची फारकत होते. ढोलकीची थाप आधी ऐकू येते आणि हात मागाहून पडताना दिसतो. तालाचा अभ्यास करणाऱ्यास असे चित्रण निरुपयोगी होय. ते प्रथम स्थिर वेगात रूपांतरित करून घ्यावे. हा दोष नवा संगणक घेतल्याने जात नाही.

४. घटकांचा विचार

प्रोसेसर: सहा ते दहा गाभ्यांचा, अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर या कामास पुरेसा आहे. गाभ्यांची संख्या दुप्पट केल्याने संपादनाचा वेग दुप्पट होत नाही, कारण कामाचे सर्व भाग सारखे वाटून देता येत नाहीत. वर सांगितलेल्या कारणास्तव अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेणे हितावह.

स्मृती: १६ गिगाबाइट ही किमान मर्यादा, फोर-के कामासाठी ३२ गिगाबाइट असावी. ती एकाच पट्टीत न घेता दोन समान पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे दोन्ही मार्गांनी माहितीची ये-जा होते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्यामुळे स्मृतीचे भाव बरेच चढले. तेव्हा अंदाजपत्रक जुन्या दरपत्रकावरून करू नये.

ग्राफिक्स कार्ड: याची गरज प्रणालीवर अवलंबून आहे. डा विंची रिझॉल्व्ह रंगकाम व परिणाम यांचा मोठा भार कार्डावर टाकते. तेथे कार्डाची स्वतःची स्मृती किमान ८ गिगाबाइट असावी. केवळ काटछाट, जोडणी आणि उपशीर्षके एवढेच काम असेल, तर आरंभी अंगभूत ग्राफिक्सवर भागवून कार्ड पुढील वर्षी घेता येते.

साठा: कार्यप्रणाली व चालू काम यांसाठी १ टेराबाइटची एनव्हीएमई एसएसडी घ्यावी. मूळ चित्रण मात्र स्वस्त हार्डडिस्कवर ठेवावे, आणि एका नव्हे तर दोन. समजा, एका वर्षात ४० तासांचे चित्रण झाले. वरील वेगाने त्यास १.८ टेराबाइट जागा लागेल. सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या प्रॉक्सी प्रती केल्यास त्यांना केवळ १८० गिगाबाइट पुरतात. म्हणजे प्रती एसएसडीवर सहज मावतात, आणि ४ टेराबाइटच्या दोन हार्डडिस्कांवर मूळ चित्रणाच्या दोन स्वतंत्र प्रती दोन वर्षे राहू शकतात. त्यांपैकी एक डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

विद्युत्-पुरवठा व थंडावा: या घटकात काटकसर करण्याचा मोह फार होतो. हलक्या प्रतीचे पॉवर सप्लाय बिघडताना इतर घटकांनाही अपाय करू शकते. विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. अशा हवेत अरुंद, बंदिस्त पेटीतील प्रोसेसर तापून आपला वेग स्वतःच कमी करतो. तेव्हा हवा खेळती राहील अशी पेटी आणि वीज गेल्यावर काम जतन करण्यापुरता वेळ देणारे यूपीएस यांस चैनीच्या वस्तू मानू नये.

५. वापरलेल्या यंत्रांविषयी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेली वर्कस्टेशन यंत्रे स्वस्तात मिळतात. त्यांची बांधणी भक्कम असते. तथापि त्यांतील अनेक झिऑन प्रोसेसरांत अंगभूत ग्राफिक्स नसते, आणि सुटे भाग कंपनीच्या विशिष्ट आकाराचे असल्याने बदलणे कठीण जाते. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा सामान्यतः ८ व्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र घेणाऱ्याने लिनक्स व केडेनलाइव्ह यांची तयारी ठेवावी. वापरलेली हार्डडिस्क मात्र कोणत्याही किमतीत मूळ चित्रणासाठी घेऊ नये.

६. निधीची वाटणी

मॉनिटर व यूपीएस आधीच उपलब्ध आहेत असे धरल्यास निधीच्या शंभर भागांची वाटणी पुढीलप्रमाणे सुचवता येईल: प्रोसेसर व मदरबोर्ड ३०, ग्राफिक्स कार्ड २०, रॅम १५, दोन हार्डडिस्क १५, एसएसडी १०, पॉवर सप्लाय व पेटी १०. हे प्रमाण बाजारभावानुसार थोडे हलेल. परंतु दुसऱ्या हार्डडिस्कचा वाटा कार्डाकडे वळवू नये. प्रणालीचा खर्चही आधीच ध्यानात घ्यावा. प्रीमियर प्रो वर्गणीवर मिळते, म्हणजे तो खर्च आवर्ती आहे. रिझॉल्व्हची मूळ आवृत्ती विनामूल्य असली, तरी एच. २६४ व एच. २६५ यांच्या काही प्रकारांवर तीत मर्यादा आहेत. लिनक्सवर त्या विशेष जाणवतात. म्हणून आपल्याच चित्रणाचा एक नमुना तीत चालवून पाहावा आणि मगच निर्णय घ्यावा.

सार्वजनिक संस्थांत खरेदी निविदेने किंवा 'जेम' या शासकीय ऑनलाइन बाजारातून होते. तेथे मागणीपत्रात 'उच्च क्षमतेचा संगणक' एवढेच मोघम लिहिल्यास कार्यालयीन कामाचे यंत्र पदरी पडते. अंगभूत ग्राफिक्स, रॅमच्या दोन पट्ट्या, कार्डाची स्मृती, पॉवर सप्लायची प्रत या बाबी मागणीपत्रात स्पष्ट नोंदवाव्यात. मागणीपत्र लिहिण्याचे काम ज्याला संपादन करावयाचे आहे त्यानेच करावे, हे उत्तम.

या विवेचनाचा निष्कर्ष असा की, बलवान संगणक ही निरपेक्ष कल्पना नाही. कॅमेऱ्याचे चित्रण, संपादनाची प्रणाली आणि कामाचे स्वरूप या तिहींना जो पुरा पडतो तो बलवान. चित्रण ओळखावे, अडचणीचे निदान करावे, प्रॉक्सीची रीत अवलंबावी आणि त्यानंतर उरलेल्या उणिवेपुरतीच खरेदी करावी, हा क्रम पाळल्यास पुष्कळदा अंदाजापेक्षा कमी खर्चात काम भागते. वाचलेल्या पैशांतून आणखी एक डिस्क घ्यावी आणि तिच्यावर तिसरी प्रत ठेवावी. संगणक पाच-सहा वर्षांत जुना होऊन बदलला जाईल. त्यावर संपादित झालेला आवाज आणि चेहरा यांना मात्र दुसरी प्रत हाच आधार आहे.