आम्ल पावसाने पीक जळतं का? खरी गोष्ट जमिनीखाली आहे

आम्ल पाऊस, म्हणजेच अ‍ॅसिड रेन म्हटलं की वाटतं, आकाशातून अ‍ॅसिड पडतंय आणि उभं पीक करपतंय. प्रत्यक्षात तसं सहसा होत नाही. खरं नुकसान मुळांशी होतं, तेही हळूहळू. आणि त्यात पाऊस एकटा दोषी नसतो. कसं ते बघू.

पाऊस आम्ल कसा होतो?

कोळसा, डिझेल जळताना सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हवेत जातात. तिथे त्यांचं सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल तयार होतं आणि ते पावसासोबत खाली येतं.

आम्लता मोजायची पीएच, शेतीच्या भाषेत सामू. 7 म्हणजे उदासीन. स्वच्छ पावसाचा सामू मात्र साधारण 5.6 असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. त्याच्याही बराच खाली गेला की तो आम्ल पाऊस.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आकड्यांकडे आधी लक्ष जातं. ही मोजपट्टी सरळ नाही, लॉगरिदमिक आहे. सामू 1 ने घसरला की आम्लता 10 पट वाढते, 2 ने घसरला की 100 पट. म्हणून 5.6 आणि 4.6 हे आकडे जवळचे वाटले तरी फरक मोठा आहे.

मुळांशी काय घडतं?

पानांवर डाग पडायला बहुतेक पिकांत सामू साडेतीनच्या आसपास किंवा त्याखाली जावा लागतो. इतका तीव्र पाऊस क्वचितच पडतो. जमिनीत मात्र तीन गोष्टी होतात.

1. आम्लातले हायड्रोजन आयन मातीच्या कणांना धरून बसलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅश हुसकावतात. ते पाण्याबरोबर खोल निघून जातं.
2. जमिनीचा सामू 5.5 च्या खाली गेला की मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळायला लागतं. त्याने मुळांची टोकं आखूड आणि जाड होतात. मूळ खोल जात नाही, मग पाणीही कमी पडतं. स्फुरद अ‍ॅल्युमिनियम आणि लोहाशी बांधला जातो. खत टाकूनही पिकाला मिळत नाही.
3. कडधान्यांच्या मुळांवर गाठी करणारे रायझोबियम जिवाणू मंदावतात आणि फुकटचं नत्र कमी होतं.

मग दोष कुणाचा?

चीनचं उदाहरण बघा. तिथे दक्षिणेकडे आम्ल पाऊस भरपूर पडायचा. 2010 साली 'सायन्स' या नियतकालिकात चिनी शेतजमिनींचा अभ्यास आला. 1980 च्या दशकापासून मुख्य पिकांच्या जमिनींचा सामू लक्षणीय घसरला होता. पण हिशोब मांडल्यावर दिसलं, की वर्षाला हेक्टरी आम्ल पावसातून 0.4 ते 2 किलोमोल आम्ल येत होतं, आणि नत्र खतांमुळे 20 ते 221. म्हणजे कमीत कमी 10 पट! युरियातून तयार झालेल्या अमोनियमचं जिवाणू नायट्रेट करतात, तेव्हा हायड्रोजन आयन सुटतात. पिकाने न घेतलेलं नायट्रेट वाहून गेलं की ते आम्ल जमिनीतच राहतं.

आपल्याकडे काय?

मातीत चुना असेल तर तो आम्ल खाऊन टाकतो. मराठवाडा, विदर्भातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीकडे ही गंगाजळी मोठी आहे. कोकणातली जांभी जमीन मुळातच आम्ल, तिथे शिल्लक थोडी. त्यामुळे काळ्या जमिनीला चालेल ते जांभ्याला चालेलच असं नाही.

म्हणून शेतात चुना टाकण्याआधी माती परीक्षण करून घ्या आणि अहवालात सामूचा आकडा बघा. 5.5 च्या खाली असेल तर चुन्याचं प्रमाण कृषी अधिकाऱ्यांना विचारा. चुनखडीच्या जमिनीत उगाच चुना टाकला तर लोह आणि जस्त पिकाला मिळेनासं होतं. आणि युरियाचं पोतं फोडताना गरजेपुरतंच फोडा. आभाळातून काय पडेल ते आपल्या हातात नाही, पोतं मात्र आहे.