दाट द्रवात फुटणारी बोटे

काचेच्या दोन सपाट तुकड्यांमध्ये थोडे ग्लिसरीन घालून ते घट्ट दाबावेत आणि मग वरची काच एका कडेने हळूहळू उचलावी. बाहेरची हवा आत शिरते, परंतु सरळ रेषेत नव्हे. तिला बोटे फुटतात, बोटांना फाटे फुटतात आणि पाहता पाहता काचेवर निष्पर्ण वृक्षाची आकृती उमटते. वाचकहो, ही केवळ गंमत नव्हे. भूगर्भातील किती तेल आपल्या हाती लागावे, हे काही अंशी याच वृक्षावर अवलंबून असते.

पातळ प्रवाही पदार्थ दाट पदार्थाला अरुंद जागेतून ढकलू लागला की दोहोंमधील सीमा सरळ राहत नाही. सीमेवर कोठेतरी किंचित उंचवटा असतोच. त्याच्या टोकापुढे दाब अधिक झपाट्याने उतरतो, आणि जेथे दाबाचा उतार तीव्र तेथे वेगही अधिक. म्हणून पुढे असलेला भाग आणखी पुढे धावतो व मागचा मागेच राहतो. विद्युत्-निवारकाच्या अणकुचीदार टोकाशी विद्युत्क्षेत्र तीव्र होते, त्याचे गणितही हेच. दोन्हीकडे लाप्लासचे समीकरण लागू पडते. या धावेला लगाम घालतो तो पृष्ठताण. फार बारीक बोटांना तो वाढू देत नाही.

हेन्री हेले-शॉ या इंग्रज अभियंत्याने १८९८ च्या सुमारास दोन काचांमधील चिंचोळ्या फटीतून द्रव वाहवून प्रयोग केले. तीच रचना घेऊन केंब्रिज येथील फिलिप सॅफमन व सर जेफ्री टेलर यांनी १९५८ साली या बोटांचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. वेग वाढविला की एकच बोट उरे आणि ते मार्गाची निम्मी रुंदी व्यापी. पृष्ठताण वगळून मांडलेले गणित मात्र कोणतीही रुंदी मान्य करीत होते! मग निम्मीच का? उत्तर मिळण्यास १९८० नंतरचे दशक उजाडावे लागले. नगण्य म्हणून सोडून दिलेला पृष्ठताणच ही निवड करतो, असे तेव्हा सिद्ध झाले.

आता तेलाकडे वळू. वालुकाश्माच्या सूक्ष्म छिद्रांत तेल साठलेले असते. ते विहिरीकडे ढकलण्यासाठी दुसऱ्या विहिरीतून पाणी सोडतात. तेल पाण्याहून दाट असेल तर पाण्याला बोटे फुटतात, ती तेलाला वळसा घालून विहीर गाठतात आणि तेलाऐवजी पाणीच वर येऊ लागते. मागे राहिलेले तेल खडकातच अडकून पडते.

यावरील उपायही त्याच नियमातून निघतो: पाणीच दाट करावे. पाण्यात पॉलिमर मिसळले की दोहोंच्या दाटपणातील अंतर कमी होते आणि सीमा बरीच सरळ सरकते. राजस्थानातील बाडमेर भागात २००४ साली सापडलेल्या मंगला तेलक्षेत्रात हा उपाय योजण्यात आला आहे.

काचेवरील त्या वृक्षाचे गणित ज्यांनी चिकाटीने सोडविले, त्यांनी खडकात अडकलेल्या तेलाची वाटही सुकर केली.